डॉक्टर व्हायचंय कुणाला?

दहावीचा निकाल लागला की आपल्या गावात एकच प्रश्न घरोघर फिरू लागतो. दूध घालणाऱ्या भाऊंपासून भिशीतल्या मैत्रिणींपर्यंत जो तो विचारतो, "मग, पुढे काय?" आणि लेकरू तोंड उघडायच्या आत आपणच सांगून मोकळ्या होतो, "सायन्स घेतलं. डॉक्टर व्हायचं म्हणतो." म्हणतो म्हणजे नेमकं कोण म्हणतो, हे कुणी विचारत नाही. पुढची दोन वर्षं मात्र सगळं घर त्या एका शब्दाभोवती फिरतं. टीव्ही बंद होतो, लग्नकार्यं टळतात, आणि आपण बदाम भिजत घालायला लागतो.

मैत्रिणींनो, हा लेख त्या दोन वर्षांबद्दल आहे. मी चंद्रपूरची. घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवते, आणि शिकले बी.ए.पर्यंत. फिजिक्सचं पुस्तक मी दहावीनंतर उघडलेलं नाही. तुमच्यापैकी पुष्कळजणींचं असंच असेल, आणि "आपल्याला त्यातलं काय कळतं?" म्हणून तुम्ही गप्प बसत असाल. पण शाळा सोडून गेलेली मुलं-मुली भेटायला येतात तेव्हा फिजिक्स अवघड गेल्याचं दुःख फारसं सांगत नाहीत. सांगतात ते घरातलंच. म्हणून आपल्या हातात काय काय आहे, ते एकदा नीट मांडून पाहू या.

आधी परीक्षा समजून घ्या

डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी देशभर एकच परीक्षा आहे, ‘नीट’. ती पहिल्यांदा २०१३ साली झाली, मग न्यायालयाच्या निकालाने थांबली आणि २०१६ पासून पुन्हा सुरू झाली. २०२५ साली तिचं स्वरूप असं होतं: १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. फिजिक्सचे ४५ प्रश्न, केमिस्ट्रीचे ४५ आणि बायॉलॉजीचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा, सोडून दिलं तर शून्य. पेपर मराठीतूनही देता येतो, मात्र ती भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते.

एवढ्यावरून आपल्या कामाच्या तीन गोष्टी निघतात. पहिली, बोर्डाच्या वेळी आपण सांगत होतो, "काही का होईना लिही, पेपर कोरा सोडू नको." तो सल्ला इथे अंगाशी येतो. येत नसलेला प्रश्न सोडून देणं हीसुद्धा इथे हुशारीच. तेव्हा "इतके प्रश्न सोडलेस?" म्हणून ओरडू नका.

दुसरी, ‘पात्र’ होणं म्हणजे प्रवेश मिळणं नव्हे. २०२५ साली सुमारे २२ लाख मुलं परीक्षेला बसली. त्यांतली १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा मात्र सगळ्या देशात सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्या बऱ्याच खासगी कॉलेजांतल्या भरमसाट फीच्या. म्हणजे ज्यांना जागा मिळाली नाही ती सगळी पोरं ‘ढ’ किंवा आळशी होती, असं कसं म्हणता येईल? जागाच कमी आहेत.

तिसरी, एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाच्या गुणांशी जोडू नका. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ साली पेपर कठीण निघाला, तर देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. "आत्याच्या मुलाला गेल्या साली एवढे होते, तुला एवढेच?" हा प्रश्न म्हणून चुकीचाच. गुण बघायचे नसतात, क्रमांक बघायचा असतो.

हे स्वप्न खोटं नाही

काही शहाणी माणसं म्हणतात, सगळ्यांना डॉक्टरकीचं वेड लागलंय. मला तसं वाटत नाही. आपल्या भागात डॉक्टर म्हणजे काय, हे आपण जवळून पाहिलं आहे. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तरी दुखणं घेऊन नागपूरची वाट धरणं काही सुटलं नाही. १९७३ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाला जाऊन राहिले, तेव्हा तिथे धड रस्ताही नव्हता. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीला आले. त्यांनी खेड्यातल्या साध्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि घरच्या घरी बाळं वाचू लागली. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आता दिवस बदललेत. चंद्रपूरला २०१५ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. २०२४ साली राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं निघाली, त्यांत गडचिरोलीचंही आहे. आपल्या जिल्ह्यातली मुलगी आपल्याच जिल्ह्यात डॉक्टर होऊ शकेल, असं आपल्या आयांना स्वप्नातही वाटलं नसतं.

तेव्हा हे स्वप्न मोठं आहे, चांगलं आहे. पण चांगलं स्वप्नसुद्धा ज्याचं त्याने पाहायचं असतं.

पण स्वप्न कुणाचं?

२०२५ साली आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातली एक बातमी तुम्हीही वाचली असेल. मुलगा हुशार. नीटमध्ये फार थोड्यांना मिळतात असे गुण. एमबीबीएसचा प्रवेश ठरत आलेला. आणि कॉलेजला जायच्या वेळीच तो हे जग सोडून गेला. आपल्याला डॉक्टर व्हायचं नव्हतं, असं त्याने लिहून ठेवल्याचं वर्तमानपत्रांत आलं.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्या घरावर जे कोसळलं त्याला शब्द नाहीत, आणि त्या मायबापाकडे बोट दाखवायचा अधिकार कुणालाच नाही. बाहेरच्याला घरातलं काय कळतं? शिवाय अशा गोष्टीमागे कधी एकच कारण नसतं, असं मनाचे डॉक्टर सांगतात. पण ती बातमी वाचून झाल्यावर एक विचार मनातून जात नाही. आपण समजतो, जपायचं ते नापास झालेल्या पोराला. पास झालेल्याला आपण पेढे भरवतो. "तुला हे खरंच हवंय का रे?" हे त्याला विचारायचं आपल्याला सुचतच नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच की हा प्रश्न एकदा नाही, तीनदा विचारा. पहिल्यांदा अकरावीला विषय घेताना. दुसऱ्यांदा अकरावी संपताना, कारण तोपर्यंत त्यालाही कळलेलं असतं की हा अभ्यास आपल्या अंगी लागतो की नाही. आणि तिसऱ्यांदा निकाल लागल्यावर, प्रवेशाचे पैसे भरायच्या आधी, गुण कितीही चांगले असले तरी.

आता विचारायचं कसं? "तुला डॉक्टर व्हायचंय ना?" असं विचारलं तर उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं. पोर मान हलवतं आणि विषय संपतो. त्याऐवजी "यातलं काय वाचायला आवडतं? कशाचा वीट येतो?" असं विचारा. पाहुण्यांसमोर तर मुळीच विचारू नका. मटार सोलताना, तांदूळ निवडताना, स्कूटरवर मागे बसून बाजारातून येताना विचारा. डोळ्याला डोळा भिडलेला नसला की मुलं जास्त बोलतात. शक्य असेल तर ओळखीच्या डॉक्टरांना विनंती करून त्याला एक दिवस दवाखान्यात बसू द्या. रक्त, ओकारी, रडारड, रात्री दाराची कडी वाजणं, हे सारं बघूनही ज्याला उत्साह वाटतो त्याला पुढे जाऊ द्या. बघून जो घाबरला त्याला भित्रा म्हणू नका. कळलं ते आताच कळलं, हे बरंच झालं.

आणि उत्तर ‘नाही’ आलं तर? इथे खरी परीक्षा आपली असते. पुष्कळ घरांत मूल आईजवळ मन मोकळं करतं आणि आई म्हणते, "बरं बरं, पण बाबांना सांगू नको हं, रागावतील." म्हणजे त्याचा ‘नाही’ स्वयंपाकघरातच अडकून पडतो. तो बैठकीच्या खोलीपर्यंत नेणं हे आपलं काम आहे. यजमानांशी बोलायला जेवणानंतरची वेळ बघा, त्यांचा दिवस कसा गेला ते बघा, आणि नुसतं "त्याचं मन नाही" म्हणू नका. सोबत वाटाही सांगा. नीटच्याच गुणांवर दातांची डॉक्टरकी आहे, आयुर्वेद आहे, होमिओपॅथी आहे, जनावरांची डॉक्टरकी आहे. आपल्या जंगलाच्या मुलखात त्या शेवटच्याला काय कमी मान आहे? नर्सिंगसाठी आणि औषधनिर्माणशास्त्रासाठी राज्याच्या वेगळ्या सीईटी असतात. शेतकी आहे, वनविद्या आहे, शिक्षकी पेशा आहे. पुरुषांना पुष्कळदा रागापेक्षा काळजीच जास्त असते. पुढची वाट दिसली की काळजी कमी होते, आणि राग आपोआप उतरतो.

शिकवणी कुठे लावायची?

आता ज्याचं किंवा जिचं उत्तर मनापासून ‘हो’ आहे, त्यांच्याबद्दल. पहिला प्रश्न येतो क्लासचा. कुणी लातूरला पाठवतं, कुणी नागपूरला, कुणी थेट राजस्थानात कोट्याला. कोट्याबद्दल एकच गोष्ट सांगते. तिथे मुलांनी जीव देण्याचे प्रकार इतके वाढले की २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रशासनाने वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा हुकूम काढला. पंख्याची व्यवस्था झाली हो, पण दाराशी उभं राहून "जेवलास का?" विचारणारं माणूस कुठून आणायचं? मी कुणाला पाठवू नका म्हणत नाही. पण पाठवताना घरापासूनचं अंतर हीसुद्धा फीच आहे, हे लक्षात ठेवा.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, अमुक क्रमांकाची हमी देऊ नये, आणि विद्यार्थ्याने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असं त्यांत आहे. तेव्हा "आठवीपासूनच डॉक्टर करून देतो" म्हणणाऱ्या जाहिरातीला भुलू नका. फी भरायच्या आधी चार प्रश्न विचारा. एका वर्गात किती मुलं? गुणांप्रमाणे मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडता का? आठवड्यातून एक दिवस खरी सुट्टी असते का? आजारी पडल्यावर वसतिगृहात कोण बघतं? चौथ्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नाही तर तिथून उठा.

ऐपत नाही म्हणूनही खचू नका. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेतर्फे नीटचं ऑनलाइन प्रशिक्षण फुकट मिळतं, सोबत टॅबलेट आणि इंटरनेटही. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा उपक्रम गरीब आणि आदिवासी मुलांना मोफत शिकवतो. मुख्य पुस्तकं एन.सी.ई.आर.टी.चीच. ती स्वस्त आहेत, आणि बायॉलॉजीसाठी तर तीच पुन्हा पुन्हा वाचायची असतात. दहा जाडजूड गाईडं आणून टेबल भरण्यापेक्षा तेवढी पुस्तकं फाटेपर्यंत वाचलेली बरी.

घरात काय करायचं?

अभ्यास मुलांचा, पण घराचं वेळापत्रक आपलं. त्यातल्या काही साध्या गोष्टी सांगते.

*झोप.* रात्री दोनपर्यंत जागणारं पोर बघून आपल्याला अभिमान वाटतो. वाटू नये. सात तास झोप झाली नाही तर वाचलेलं डोक्यात राहत नाही. "झोप आता" म्हणणारी आई अभ्यासाची वैरीण नसते.

*दुपार.* ही परीक्षा दुपारी २ ते ५ असते, आणि बहुधा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी. आपल्या चंद्रपूरचा मे म्हणजे पारा ४५ अंशाच्या आसपास! त्या वेळी आपल्या भागातलं चिटपाखरू बाहेर दिसत नाही, सगळे आडवे झालेले असतात. ती झोपेची सवय परीक्षेच्या खुर्चीवर डोळे मिटायला लावते. म्हणून मार्च संपला की सरावाचे पेपर दुपारी दोनलाच सोडवायला बसवा. त्या तीन तासांत घरात मिक्सर नको, फोनवर मोठ्याने गप्पा नकोत. दार लोटून आपणही शांत बसू या.

*जेवण.* वरण-भात, भाकर, अंबाडीची भाजी, ताक, कैरीचं पन्हं, हे आपलं रोजचं खाणं उन्हाळ्यात उत्तम. परीक्षेच्या आठवड्यात नवीन काही करून घालू नका, बाहेरचं आणू नका. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या पावडरींवर पैसे घालवण्यापेक्षा तेवढ्याचं दूध आणि फळं आणा. परीक्षेच्या दिवशी हलकं जेवण अकराच्या आत. दीड वाजता केंद्राचं दार बंद होतं, आणि एक मिनिट उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. अर्ध्या बाह्यांचे हलके कपडे आणि साधी चप्पल घालावी लागते. केंद्र दुसऱ्या गावी आलं तर आदल्या दिवशीच जाऊन राहा.

*मोबाईल.* शिकवणी त्यातच आणि करमणूकही त्यातच, त्यामुळे काढून घेता येत नाही. रात्री दहानंतर सगळ्यांचे मोबाईल बैठकीतल्या एका टोपलीत, असा नियम करून पाहा. सगळ्यांचे म्हणजे वडिलांचाही आणि आपलाही, बरं का! एकट्या पोराचा काढून घेतला तर ती शिक्षा होते. सगळ्यांचा ठेवला तर ती घरची रीत होते.

*मुलगी असेल तर.* हे जरा ठासून लिहिते. मुलगा अभ्यासाला बसला की आपण त्याला पाणीसुद्धा हातात नेऊन देतो. मुलगी अभ्यासाला बसली की "एवढ्या पोळ्या लाटून मग बस" म्हणतो. पेपर दोघांना एकच आणि मिनिटंही तेवढीच. घरकाम दोघांना शिकवा, नाही तर या दोन वर्षांत दोघांना माफ करा. फीच्या नावानेही मुलीला मागे ओढू नका. इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या वैद्यकीय प्रवेशालाही तो लागू आहे.

*येणं-जाणं.* ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या बाजूच्या मैत्रिणींना सांगायला नको. पहाटेच्या अंधारात सायकलने क्लासला जाणारं पोर वाघाच्या वाटेवरून जातं. चार-पाच घरांनी मिळून एक गाडी ठरवा, नाही तर क्लासवाल्यांकडे सगळ्या आयांनी मिळून जा आणि वेळ उजाडल्यानंतरची मागा. एकटीचं ऐकत नाहीत, पण दहाजणी गेल्या की ऐकतात.

*तेंदूचा हंगाम.* खेड्यातल्या घरांत हा मोठाच पेच असतो. नीट मे महिन्यात आणि तेंदूपत्ताही त्याच दिवसांत. पहाटे सगळं घर पानं तोडायला जंगलात जातं, वर्षाचा मोठा पैसा त्यातच मिळतो. तिथे "पोराला कामाला लावू नका" म्हणणं मला शहरात बसून सोपं आहे. पण परीक्षेपर्यंतचे दहा-पंधरा दिवस तरी एका पोराचे हात सोडवता आले तर सोडवा. परीक्षा झाली की ते आनंदाने पुडके बांधायला येईल.

कागदपत्रांचं काम आपलं

गुण मिळूनही कागद नाही म्हणून जागा जाते, तेव्हाच्या दुःखाला तोड नाही. पोरगं अभ्यास करतंय तोवर हे काम मोठ्यांनी संपवावं. अधिवास दाखला, राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. त्याला आजोबा-पणजोबांचे जुने पुरावे लागतात आणि वेळही लागतो. अकरावीतच अर्ज टाका. इतर मागासवर्गीयांनी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत तपासून ठेवावी.

आणखी एक. प्रवेशाच्या फेऱ्या भर पावसाळ्यात होतात, आणि नाव लागलं की ठरलेल्या दिवसांतच कॉलेजात हजर व्हावं लागतं. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद पडल्याच्या बातम्या आपण किती पावसाळे वाचल्या. आतल्या गावच्या लोकांनी त्या दिवसांत एक माणूस आणि कागदांची पिशवी गडचिरोलीला किंवा चंद्रपूरला नातेवाइकाकडे ठेवावी, म्हणजे पुराच्या भरवशावर राहावं लागणार नाही.

गुण आले, मग?

२०१८ साली ‘मिशन शौर्य’मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची आदिवासी मुलं एव्हरेस्टवर गेली होती, आठवतं ना? दहा मुलांची निवड झाली होती, पाच शिखरावर पोचली. बाकीची काय हरली? ज्या उंचीवर आपल्याला श्वाससुद्धा घेता येणार नाही, तिथपर्यंत तीही चढून आली होती. डोंगरावर प्रत्येक तळावर थांबून विचारावं लागतं, आज पुढे जायचं की परतायचं? परतणाऱ्याला तिथे कुणी भेकड म्हणत नाही, कारण जिवंत परतलेला माणूस पुन्हा चढू शकतो.

आपल्या घरातही तसंच असावं. कमी गुण आले तर पुन्हा बसता येतं. या परीक्षेला वयाची वरची अट नाही आणि किती वेळा बसायचं याचीही नाही. पण अट नाही म्हणून वर्षामागून वर्ष काढायची का? एक वर्ष पुन्हा द्यायचं असेल तर ते मुलाने स्वतः मागितलेलं असावं, आणि "यंदाही नाही जमलं तर काय" हे त्या वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असावं. "तुझ्यासाठी आम्ही किती खर्च केला" हे वाक्य तर या दोन वर्षांत घरातून हद्दपारच करा. मुलांना खर्च पाठ असतो हो. शाळेत भेटायला येणारी मुलं मला रुपयांचा आकडा सांगतात.

काही वेगळं दिसलं तर

परीक्षेच्या दिवसांत मुलं चिडतात, रडतात, हे चालायचंच. पण पोर आठवडेच्या आठवडे गप्प झालं, जेवण सुटलं, झोप उडाली, मित्र तोडले, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही सहज म्हणून गेलं, तर "नाटकं करू नको" म्हणू नका. अभ्यास बाजूला ठेवा, जवळ बसा, ऐकून घ्या. मरायचा विचार मनात येतो का, असं सरळ विचारलं तरी चालतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना दाखवा. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे, तिचा नंबर १४४१६. दिवसा-रात्री केव्हाही लावा, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर कॅलेंडरवर, गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा. वापरायची वेळ न येवो, पण घरात असू द्या. आणि आईच्याच जिवाची घालमेल होत असेल तर तिनेही तो खुशाल फिरवावा.

शेवटी निकालाच्या दिवसाचं सांगते. निकाल बघायच्या आधीच स्वयंपाक करून ठेवा, आणि तोही पोराच्या आवडीचा. गुण कळल्यावर काय करायचं ते ठरवलं, तर पुरण किंवा खिचडी यावरून त्याला आपल्या मनातलं कळतं. आधीच केलेलं असलं म्हणजे गुण कितीही येवोत, ताटात तेच पडतं. सगळ्यांनी मिळून जेवा, फोन दोन तास उचलू नका. संध्याकाळी जरा निवांत झालं की अंगणात खुर्च्या टाकून बसा आणि तो तिसरा प्रश्न विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. मध्ये बोलू नका, वाट पाहा.